मुद्दाम हरवून देणाऱ्या म्याडम

पुऱ्या भिलाईत, मी तर म्हणते पुऱ्या छत्तीसगढमंदी, लोकायले मुद्दाम हरवून देणारी आणि वरून त्याहीचेच नमस्कार घेणारी एकच बाई होती, ते म्हणजे आमच्या सामोरच्या घरच्या म्याडम. त्याहीचं नाव कोणी घेतच नव्हतं. भाजीवाली म्याडम म्हणे, ऑटोवाला म्याडम म्हणे, मंदिरातले पंडितजी आरती थांबवून म्हणत, "म्याडम, थोड़ा पीछे।" जलमभर शाळेत भूगोल शिकवला, रिटायर झाल्या, घरचे साहेब स्टील प्लांटच्या ऑफिसात होते ते गेले, पण शाळेपासूनची गळ्यातली शिटी काही गेली नाही. भाजी महाग लावली तरी शिटी, गाय दारात आली तरी शिटी. मी तुमसरकडच्या खेड्यातली, आठवी शिकलेली, लग्न होऊन स्मृति नगरच्या या मागच्या खोलीत आली तवा दोन मयने मी तेच शिटी ऐकून उठू आणि घाबरू. मी तशी भितरीच हाये. कुत्र्याले भेते, डॉक्टरले भेते, रोड ओलांडाले भेते, आणि हे सारं म्याडमले पहिल्याच दिवशी दिसून गेलं होतं.

फिरल्या मात्र अशा का रेल्वेवाल्यायनं मेडल द्यायले पाहिजे होतं. सुट्टी लागली का एक बॅग, तिखटमिठाच्या पुऱ्या, कपडे वाळवायची दोरी, आणि एकट्याच निघाल्या. काश्मीर, कन्याकुमारी, आसाम, एकडाव नेपाळ. आल्या का आम्ही बाया चहा घेऊन सामोर बसू, आता काय काय सांगतीन म्हणून. तर एक जण इचारे, "ताजमहाल कसा हाये म्याडम?" तर म्हणत, "पाह्यला असता वं, पण दारातच एका म्हातारीची चप्पल तुटली. मोची शोधता शोधता टाइम संपला. मोची मात्र आपल्या बालाघाटचा निघाला, सांगते काय!" कन्याकुमारीले सूर्य बुडतो ते पाहाले गेल्या, तर एक बाई आपल्या माणसांपासून सुटली होती, तिले घेऊन पोलिसांकडे गेल्या, तवरिक सूर्य बुडून गेला. काश्मीरचा बर्फ कसा, तर म्हणे, "आपल्या फ्रिजातल्यासारखाच. फक्त लाइट बिल येत नाही." पण तिथच्या हॉटेलात भांडे घासणाऱ्या पोट्ट्याच्या मायचं दुखणं त्याहीले पुरं पाठ होतं. एवढा देश फिरून आल्या आणि पाह्यलं काय, तर माणसंच.

इथंही तेच. पोलिओच्या रविवारी त्याहीच्या अंगात काय शिरे कोण जाणे. चौकात खुर्ची टाकून बसत, आणि कोणाच्या कडेवर लेकरू दिसलं का शिटी. एकडाव त्याहीनं वरातच थांबवली. घोड्यावर नवरदेवाच्या सामोर एक लहान पोट्टं बसलं होतं, त्याले खाली उतरवून घेतलं, तोंड दाबून उघडलं, दोन थेंब टाकले. बँडवाले चूप. नवरदेवाचा बाप लाल होऊन म्हणे, "मुहूर्त निकल रहा है मैडम!" म्याडम म्हणे, "मुहूर्त दूसरा निकल आएगा, इसका पैर टेढ़ा हुआ तो सीधा नहीं होगा। बजाओ अब।" बँड वाजला. सारे नाचून राहिले, म्याडमही थोड्या नाचल्या.

आता हरवायची गोष्ट. कोणती बाई घराबाहेर निघाले भेते हे कळलं का म्याडम तिले गोड बोलून कुठी दूर घेऊन जात, आणि तिथं सोडून येत. "मी जाऊन राहिली. तू ये इचारत इचारत." बस. बाया रडत, शिव्या देत, आणि संध्याकाळी घरी येत. दुसऱ्या दिवशी त्याच बाया म्याडमच्या घरी भाकरी-ठेचा घेऊन जात. मले हसू ये, कावून का माह्यावर पाळी आली नव्हती.

मंग माह्या तान्ह्या पोरीचं कळलं. दूध पेतापेता थांबे, घामेजून जाये, होठ निळे पडत. दुर्गच्या डॉक्टरनं कान लावून पाह्यलं आणि म्हटलं, दिलात छेद हाये, रायपूरले मोठ्या दवाखान्यात दाखवत राहावं लागन, कदाचित ऑपरेशन. माह्या घरचे हे रसमड्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडे, एक दिवस नाही गेले तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा. मी म्हटलं, आता कोण नेईन माह्या लेकराले? रडत रडत म्याडमकडे गेली. त्याहीनं पोरीले मांडीवर घेतलं, तिचे पाय दाबले आणि म्हणे, "चल, बोरसीले माह्या मैत्रिणीकडे जाऊन येऊ."

बोरसीत एका गल्लीत ऑटो थांबवला. मले उतरवलं. पोरीले घेऊन त्या ऑटोतच बसून राहिल्या. म्हणे, "हे माह्याजवळ राहू दे. तू ये." आणि ऑटो गेला!

देवा, काय सांगू. लेकरू त्याहीच्याजवळ, दुधाची वेळ होऊन राहिली, आणि मी भर उन्हात, मले डावा कोणता उजवा कोणता कळेना. एका भाजीवाल्या मावशीनं पाह्यलं, कावून रडतं पोरी म्हणून आपल्या छत्तीसगढीत इचारलं. "काबर रोवत हस नोनी?" मी सांगितलं. तिनं एका पोट्टीसोबत मले चौकात पाठवलं, तिथून एक मास्तर भेटले, त्याहीनं ऑटोत बसवलं, ऑटोवाल्यानं दुसरा ऑटो दाखवला. आपल्या घराजवळच्या नेहरू नगरच्या चौकात उतरली तशी मी धावत सुटली, पदराचं भान नाही. घरी पोचली तर म्याडम आणि माही पोरगी पंख्याखाली घोरून राहिल्या होत्या.

मी म्हटलं, "म्याडम, तुम्ही मागं मागंच होत्या ना? खरं सांगा."

डोळे चोळत म्हणे, "मी कावून येऊ मागं? वरणभात खाल्ला, हिले वाटीनं दूध पाजलं, झोपलो दोघी. मागं आली असती तर तू मागं पाहत चालली असती आणि ट्रकाखाली गेली असती."

मले इतका राग आला का मी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी रायपूरले सोबत निघालो. सोबत म्हणायचं आपलं. दवाखान्याच्या दारातच एक आंधळे बुवा भेटले, म्याडम त्याहीले घेऊन डोळ्यांच्या वार्डात गेल्या आणि सारं उरकलं तवा उगवल्या. "काय म्हणे डॉक्टर?" मी सांगितलं: पोरीचं वजन वाढवा, तीन मयन्यानं आणा, मंग ठरवू. म्याडम म्हणे, "तवा मी आत येईन. ऑपरेशनचं हाये, गंमत नाही."

आल्याच नाही. बस्तरकडच्या कोणत्यातरी गावी शाळेच्या पोरींले शिकवाले गेल्या होत्या, परत आल्या, दुपारी झोपल्या, उठल्या नाही. बॅग दाराशीच होती, दोरीही बाहेर काढली नव्हती. अंगणात माणूस मावेना. ऑटोवाले, शाळेच्या पोरी, कोण कुठचे. गल्लीतल्या साऱ्या हरवलेल्या बाया एका ठिकाणी बसून रडत होत्या, मीही त्याहीच्यातच बसली.

तीन मयने भरले. पोरीच्या बापानं म्हटलं, "एकटी कशी जाशीन? पुढच्या मयन्यात पाहू." मी रातभर पोरीचा श्वास मोजला आणि सकाळी तिले उचलून पॅसेंजरमंदी बसली. दवाखान्यात नर्सनं इचारलं, "साथ में कौन है?" मी एकडाव मागच्या खुर्चीकडे पाह्यलं. तिथं कोणाची तरी पाण्याची बाटली होती. मी म्हटलं, "मैं हूँ। माँ हूँ इसकी।"

डॉक्टर म्हणे, छेद भरला नाही, ऑपरेशन करावंच लागन, पण वजन चांगलं वाढलं, पोरगी आता झेलू शकते. नवरात्र झाली का आणा. मी तिथंच इचारून घेतलं, किती दिवस राहावं लागन, रक्त कोण देईन, माय आत राहू शकते का. डॉक्टरनं पेन खाली ठेवून सारं सांगितलं.

येताना गाडीत पोरीच्या बापाचा फोन आला. "काय म्हणे डॉक्टर? टेशनावर घ्यायले येऊ का?" मी म्हटलं, "ऑपरेशन म्हणे. तुम्ही ड्युटी करा, मी येऊन राहिली." फोन ठेवला आणि मंग रडू आलं. सामोरच्या बाईनं माह्या पोरीले घेतलं. कुम्हारीच्या आधी गाडी पुलावर आली, खडखड आवाज झाला, मी पहिल्यांदा खिडकीबाहेर पाह्यलं. खाली खारून नदी, पुरी भरलेली, उन्हात चमकून राहिली होती. इतक्या जवळ एवढं पाणी हाये, मले माहीतच नव्हतं. म्याडम या पुलावरून किती खेपा गेल्या असतीन, पण डब्यात कोणी ना कोणी रडत असन, त्याहीनं काही खाली पाह्यलं नसन. त्याहीले सांगावं वाटलं. पोरगी खिडकीच्या सळाखीले हात लावून पाण्याकडे पाहत होती, आणि मी तिचा फ्रॉक मागून घट्ट धरून बसली होती.