उपाशी पट्टी आणि अर्धं गायरान

शेतकऱ्याला प्रयोग करता येत नाहीत, असं ऑफिसात पंख्याखाली बसून म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या कुंडीत साधी मेथी तरी उगवून दाखवली आहे का? शेतकी कॉलेजातून ताजा ताजा बाहेर पडून मी कुरुळीला आलो, तेव्हा मीही थोडाफार त्यांच्यातलाच होतो. पण इथल्या चार-पाच शेतकऱ्यांनी आपणहून एक 'प्रयोग मंडळ' काढलं होतं. त्यांच्यात तीन वर्षं काढली आणि रिपोर्टांपेक्षा किस्सेच जास्त साठले. रिपोर्टाला निदान कपाट असतं. हे कुठे ठेवायचे?

मंडळाचे पुढारी दगडूआबा. आबांनी गावापुढे पैज लावली होती. अर्धं गायरान दोन पावसाळे चराईला बंद ठेवा. गवत वाढलं तर बंदी पुढे चालू. नाही वाढलं, तर "माज्या कडब्याच्या दोनी गंज्या गावाच्या!" घरी चार बैल, दोन म्हशी. कडबा गेला तर उन्हाळ्यात त्यांना घालणार काय, हे आबांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

ही कल्पना कॉलेजातली नव्हे. आबा दिघीला पाहुण्यांकडे गेले होते. तिथे मिलिटरीच्या जमिनीत कमरेएवढं गवत! परत आले ते मला, म्हणजे गावाच्या 'मास्तर'ला, सांगतच.

"मास्तर, तिथं कोण खत घालतंय? फकस्त आत जाऊ देत न्हाईत!"

*

पहिला प्रयोग बाजरीचा. कंपोस्ट घातलेल्या चार पट्ट्या आणि तुलनेसाठी एक बिनखताची. मंडळात तिला 'उपाशी पट्टी' म्हणायचे. कापणीला पाहतो तो काय, उपाशी पट्टीच सगळ्यांत तरारलेली!

मी आबांवर उखडलो. सबंध हंगाम फुकट! आबा आपले तंबाखू मळताहेत. शेवटी त्यांची बायको, सखूमावशी, चहाची कपबशी ठेवत म्हणाली, "त्यांना काय बोलतोस? मीच घातल्या चार पाट्या. रस्त्याकडंची पट्टी ती. लेकीच्या सासरची मानसं तिथनंच जात्यात. यंदा व्याह्याला पाटीभर शेणखत बी जुळंना, म्हनतील!"

"अहो मावशी, ती मुद्दाम उपाशी ठेवायची असते!"

"आसंल. तुज्या कॉलेजात कुनी लेकी देत नसतील."

पुढच्या वर्षी मंडळाने नियमच केला : उपाशी पट्टी रस्त्याला लागून नको. हा नियम मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. असायला हवा.

*

मग ताग. फुलावर आलेला ताग नांगरून तिथेच गाडायचा, की झालं हिरवं खत. आबांनी सकाळी सकाळी उभ्या पिकात नांगर घातला. दुपारपर्यंत चाकणहून त्यांचे मेहुणे हजर!

ते आबांशी बोललेच नाहीत. मला बांधाच्या पलीकडे नेलं आणि हळूच विचारलं, "मास्तर, कदीपास्नं आसं कराया लागलेत?"

*

वरून एक फॉर्म आला. पहिलाच रकाना : प्रयोगाचा उद्देश.

"लिवा," आबा म्हणाले, "सोपानरावाला खोटं पाडनं."

सोपानराव वरच्या आळीचे. गायरान बंद ठेवायला त्यांचा पहिल्या दिवसापासून विरोध.

"आबा, असं नाही लिहीत."

"मग काय लिवत्यात?"

"उत्पन्न वाढवणं."

"ते वाढल्यावर काय हुईल?"

मी विचार केला. "सोपानराव खोटे पडतील."

"मग सरळ तेच लिवा की!"

*

दोन पावसाळे संपले. बंद ठेवलेल्या अर्ध्या गायरानात गवत मांडीला लागत होतं. मी खुशीत होतो. गावाच्या सभेआधी चार दिवस सहज फेरी मारली, तर एका कोपऱ्यात काटेरी कुंपण सरकवलेलं आणि आतलं सगळं गवत विळ्याने साफ! नुसती खुंटं!

मी तणतणत आबांकडे गेलो. पंचनामा करा, तक्रार करा!

"कुनाचं नाव घ्याचं?" आबा म्हणाले. मग दोन्ही गंज्यांकडे एकदा बघून घेतलं आणि बैलांना पाणी दाखवायला उठले.

चावडीपुढे सभा भरली. सोपानराव उभे राहिले.

"दोन वर्सं गुरं हाकलली. मिळालं काय? जाऊन बघा! निसता खडक हाय. तिथं गवत उगवलंच न्हाई!"

फुकटचा कडबा समोर दिसत होता; माना हलल्या. आबांच्या बाजूने एकही हात वर होईना. मी बोलायला उठलो, तर "मास्तर, तुमी ऱ्हाऊ द्या" म्हणून मला बसवलं. सरपंच खाली बघत म्हणाले, "आबा, कडबा कवा न्याचा?"

आबांनी टोपी सारखी केली. "उद्या गाड्या धाडा."

मागे खांबाला टेकून भिवा बसला होता. गावचा गुराखी. रोज सकाळी गोठ्यागोठ्यात शिरून गुरं सोडायची, हे त्याचं काम. सभेत तो कधी तोंड उघडत नसे.

"न्हाई उगवलं तेच बरं झालं, सोपानराव," तो म्हणाला. "उगवलं आसतं, तर ठेवलं कुठं आसतं? तुमच्या गोठ्यात आता म्हशीला बी जागा न्हाई."