सातवी ‘ब’चा पंखा

सातवी ‘ब’च्या पंख्याचं एक पातं वाकलेलं आहे. ते मी वाकवलं. देवपूरच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवते.

खरं तर त्या दिवशी शिकवणार होते माझे वडील, आबा. नशिराबादच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं, अगदी मलाही. आता ते माझ्याकडे असतात आणि विसरतात. आधी चष्मा विसरायचे, मग जेवण झालेलं, मग आई गेल्याचं. (ते रोज नव्याने सांगायचं मी आता सोडून दिलंय.)

माझ्या वर्गात हवेचा दाब फक्त फळ्यावर असतो. आबा मात्र तेलाच्या डब्यात थोडं पाणी उकळायचे, गॅस बंद करून झाकण लावायचे आणि वरून गार पाणी ओतायचे. डबा आपोआप चेपायचा! वाटलं, वर्गात उभे राहिले की त्यांना सगळं आठवेल. घरी तालीम केली. तीन डबे चेपले, आबा खूश.

वर्गात पाणी उकळलं आणि आबा झाकण हातात धरून नुसते उभे राहिले. मुलं वाट बघत होती. मागून कुणीतरी हसलं. ते हसू मला सहन झालं नाही. मी धावले, त्यांच्या हातातलं झाकण घेतलं आणि डब्यावर घट्ट बसवलं.

गॅस चालूच होता.

डबा फुगला. “बठ्ठी पोरं मागे सरका, सगळी!” आबा ओरडले आणि त्यांनीच गॅस बंद केला. तेवढ्यात झाकण उडून पंख्यावर आदळलं. सुदैवाने लागलं कुणालाच नाही.

मग आबांनी खडू उचलला. वाफ का फुगते, डबा का चेपतो, सगळं त्यांनी तास संपेपर्यंत शिकवलं. हसणारं पोरगंही वहीत लिहून घेत होतं. मी कोपऱ्यात डोळे पुसत उभी होते.

तास संपल्यावर ते हात झटकत माझ्याकडे आले.

“बाई, आधी गॅस बंद करायचा असतो. तुम्हाला कुणी शिकवलं नाही?”

“शिकवलं होतं. नशिराबादला एक सर होते.”

आबांनी जरा विचार केला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीने म्हणाले, “जाऊ द्या. सरच कच्चे असतील.”

माझ्या वडिलांची नालस्ती आजवर कुणी केली नव्हती. ती मी त्यांच्याच तोंडून करवून घेतली, आणि वर मानही डोलावली!