मंगळावरचं पाणी

आमच्या यजमानांना गप्प बसणं कधी जमलं नाही. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं, हा त्यांचा मास्तरी खाक्या. लोकांना त्याचं कौतुक होतं. ताप मला होता.

तीर्थपुरीच्या शाळेत ते शिकवायचे. राज्य निजामाचं, पगार बेताचा, आणि त्यातून त्यांनी हैदराबादहून एक जुनी दुर्बीण आणलेली. त्या साली श्रावणात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ येणार होता. इतका जवळ तो पंधरा-सोळा वर्षांनी येतो म्हणे. म्हणून जेवणं उरकली की हे अंगणात दुर्बीण मांडायचे, एका डोळ्यानं बघायचे आणि कागदावर गोल काढून त्यात डाग भरत बसायचे. श्रावणात आभाळ झाकलेलं असायला हवं, पण ढगाचा पत्ता नव्हता. कपाशी करपली, विहिरीचा तळ दिसू लागला, आणि आमच्या घरात एक माणूस निरभ्र आभाळ पाहून सुखावत होता. मला लाज वाटायची आणि रागही यायचा.

पाऊस लांबला की तो कुणीतरी बांधलाय असं आमच्याकडं म्हणतात. एरवी हा आळ वीटभट्टीवाल्यावर यायचा. या खेपेला आभाळाकडं नळी रोखून बसणारा मास्तर सापडला. अंगाला लिंबाचा पाला गुंडाळून पावसासाठी धोंडी मागणारी पोरं आमचं दार टाळून गेली, तेव्हा मी म्हटलं, "पुरे करा आता. घरात तान्हं लेकरू आहे. पाणी बंद केलं तर मी काय करू?"

"एकदा दाखवलं की कळेल त्यांना," हे म्हणाले, आणि शेजारच्या आबांना बोलावून आणलं. आबांच्या शब्दाला गावात वजन होतं.

आबांनी बराच वेळ नळीला डोळा लावला. "तांबडं हाय. अन् वर कडंला पांढरं काय दिसून राह्यलं?"

"बर्फ, आबा. गोठलेलं पाणी."

मी दारातून खुणावत होते की एवढ्यावर थांबा.

"पानी? तिथं?"

"हो, सध्या वितळतंय. काही विद्वान म्हणतात, ते शेतांना न्यायला तिथल्या लोकांनी कालवे खोदलेत."

आबा मागं सरले. "मंग बराबर हाय," ते हळूच म्हणाले. "आपलं तिकडं जाऊन राह्यलं."

हे अंतराचा हिशोब समजावू लागले, तोवर आबा जोडे घालून निघालेही होते.

सकाळी गावभर झालं की पाणी कुठं नेलं ते मास्तरनं स्वतःच दाखवलं. विहिरीवर माझी घागर बाजूला सारली गेली. आबांची सून मला रोज पोहरा ओढून द्यायची. ती खाली मान घालून म्हणाली, "तुमच्या मालकाला ठाव हाय पानी कुठं हाय ते. त्यांनाच मागा, बाई."

मी रिकामी घागर आणून यांच्यासमोर ठेवली. लेकरू रडत होतं. हे उठले, भिंगं फडक्यात गुंडाळली, सगळं पेटीत भरलं आणि पेटी चावडीसमोर, लोकांदेखत, आबांच्या हवाली केली. मंगळ अगदी जवळ यायचा होता अजून.

मग पाऊस आला, चांगला झोडपून आला. तो यायला नको होता असं मी कसं म्हणू?

उघडीप झाल्यावर आबा पेटी घेऊन आले. मागं सून, तिच्या हातात नारळ.

"मास्तर, तुमी सोडला. उपकार झाले."

"आबा, मी बांधलाच नव्हता."

आबा मायेनं हसले. "आता आमी बिलकुल राग धरून न्हाई. कबूल करायला जड जातं, समजतंय मला."

सून माझ्याकडं बघत होती. नारळ घेतला तर आळ कबूल केल्यासारखं होतं, आणि न घेतला तर विहीर तिच्याच हातात होती. मी पदर पुढं केला. आजही करीन.

हे आत निघून गेले. रात्री जेवताना त्यांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "तुलाही तसंच वाटतं का?"

मी नाही म्हटलं. पण माझ्या पदरात नारळ पडलेला त्यांनी पाहिला होता, आणि माझं नाही त्यांना कधीच खरं वाटलं नाही.