चार हजार ओम

वीस मे, एकोणीसशे एकेचाळीस. मी ओसरीवर पापड लाटत होते आणि आतून माझे धाकटे दीर ओरडत होते, "वहिनी, इकडे चार हजार ओम, तिकडे फक्त चार!"

त्यांना सगळी गल्ली ओमभाऊ म्हणे. ओम म्हणजे विजेच्या अडथळ्याचं माप. हे नंदुरबारात फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी डोकं खाल्ल्यामुळे मला. सासूबाई मात्र शेजारणींना कौतुकाने सांगत, "मन्हा पोऱ्या रोज चार हजार ओम म्हनस."

कानाला लावून ऐकायच्या रेडिओला त्यांनी काचेच्या दिव्यासारखा एक दांडगा व्हॉल्व्ह जोडला होता. भोंग्यातून गल्लीला गाणी ऐकवायची होती. पण व्हॉल्व्ह चार हजारांचा आणि भोंगा चारचा. "बैल आणि बकरी एका जुवाला जुंपली तर गाडी चालेल का?" असं ते मला विचारत. मधे ट्रान्सफॉर्मर हवा, म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर तारेची दोन वेटोळी. ती गुंडाळण्यात पंधरा दिवस गेले होते. आमटी खारट झाली तरी ते "जोड जमली नाही" म्हणत. मी ताट उचलून घेई.

त्याच दुपारी खांडबाऱ्याहून एका मुलीचे वडील भाऊजींना पाहायला आले. आधीची तीन स्थळं फिसकटली होती. सासूबाईंनी पाणी देतादेता जपाचा आकडा सांगितला. पाहुण्यांचा तांब्या ओठापाशीच थांबला.

"हाऊ ते साधू हुई जाई! मन्ही पोरले कोन संभाळी?"

"जप नाही हो, रेडिओ," मी म्हटलं.

"मंग वाजाडी दखाडा."

ट्रान्सफॉर्मर अर्धाच झाला होता. मी आत जाऊन दटावलं, "भाऊजी, तार सरळ भोंग्याला लावा. दोन ओळी वाजल्या तरी पुरे. लग्न मोडतंय."

"मोडू द्या. लग्न दुसरं जमेल. व्हॉल्व्ह जळला तर मुंबईहून मागवावा लागेल!"

भाऊजींना हळू बोलणं माहीतच नव्हतं. पाहुण्यांनी टोपी घातली आणि स्टेशन गाठलं. सासूबाई रडत बसल्या, भाऊजी तार गुंडाळत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी एकटीच खांडबाऱ्याला गेले. मुलीच्या घरी सगळा प्रकार सांगितला, काही लपवलं नाही. दाराआडून मुलगी म्हणाली, "काचना दिवाले इतला जपस, तो मानूसले बी जपी."

वडिलांनी तोंड उघडायच्या आत मी करंडा काढला आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं.