फाईलची यू-पिन

आमच्या शाळेचा संगणक दुरुस्त करायला नंदुरबारहून येणारा माणूस स्क्रू काढण्याआधी सीपीयूवर तळहात ठेवतो, आजारी म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. दहावीचे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी संगणक सुरू होईना. पंखा जरासा हलून थांबायचा. मदरबोर्ड गेला, असं मी मुख्याध्यापकांना सांगूनही टाकलं होतं. त्याने पॉवर सप्लाय सुटा केला आणि माझ्या फाईलची यू-पिन सरळ करून तिने त्याची हिरवी वायर काळीला जोडली. बोर्डाशिवायही सप्लायचा पंखा तसाच हलून थांबला.

“बोर्ड जित्ता शे, भाऊ. त्याले खावाले भेटी नही ऱ्हायनं.”

पिशवीतला दुसरा सप्लाय जोडताच पडदा उजळला. शेवटचा फॉर्म गेला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो यू-पिनला पुन्हा बाक देत होता. ती फाईलला लावून मगच उठला.