ओटीपी पुणतांब्याला जातो

श्रीरामपुरात माझं इन्कम टॅक्स रिटर्न भरून द्यायचं ऑफिस आहे. दरवर्षी सरकार सांगतं, रिटर्न भरणं आता एकदम सोपं झालं. दरवर्षी जुलैत माझ्या जिन्यात चपलांना जागा उरत नाही! लोक नंबर लागेपर्यंत बसतात, बसले की बोलतात, आणि किस्से साठत जातात. मधूनच सर्व्हर डाऊन होतो, मग तर विचारूच नका.

*

आमचे रफिकभाई, हार्डवेअरवाले. मागच्या वर्षी पोर्टलवर पासवर्ड त्यांनी स्वतः ठेवला होता. यंदा रिटर्न भरायला मी तो विचारला.

"रफिकभाई, पासवर्ड?"

"ताई, तुम्हीच म्हणाला होता, कुणालाच सांगायचा नाही."

"अहो, पण आठवतोय ना?"

"नाही. जो सांगायचाच नाही, तो लक्षात ठेवून काय करायचंय?"

*

हल्ली फॉर्ममध्ये बरीचशी माहिती आधीच भरून येते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक मामा आहेत, त्यांना मी कौतुकाने स्क्रीन दाखवली. नाव, पेन्शन, बँकेचं व्याज, सगळं तयार!

मामांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मग म्हणाले, "समदं त्यांनीच भरलंय व्हय? मंग तुमची फी कशाची?"

"बरोबर आहे का ते तपासायची."

"ते तर आत्ता मीच तपासलं की!"

त्या वर्षी मामांनी मला चहा पाजला. फी म्हणून.

*

नेवाशाचा एक टेम्पोवाला, लग्नाचा मुलगा. मुलीकडचे रिटर्न बघायला मागत होते. "ताई, उत्पन्न जरा वाढवून दाखवा. सोयरीक हाय."

मी झापलं. खरं होतं तेवढंच भरलं. त्याने मुलीकडे तोंडीच काय आकडा सांगितला कुणास ठाऊक, लग्न झालं, मी जेवूनही आले.

पुढच्या जुलैत तो बायकोला घेऊन आला. बायको बी.कॉम. खुर्चीत बसल्या बसल्या तिने विचारलं, "मॅडम, यांचं मागच्या वर्षीचं रिटर्न बघू."

नवरा टेम्पोला ताडपत्री बांधायची राहिली म्हणून जो खाली गेला, तो वर आलाच नाही!

*

दिनकर गुरुजींचं मात्र वेगळं. गुरुजी मूळचे पुणतांब्याचे. आधार कार्ड काढलं तेव्हा घरात मोबाईल एकच होता, मोठ्या भावाचा, अण्णांचा. तोच नंबर आधारला जोडला गेला. पुढे बांधावरून दोघा भावांचं वाजलं, बोलणं तुटलं आणि गुरुजी श्रीरामपुरात राहायला आले. त्यांच्या रिटर्नचा ओटीपी मात्र अजून पुणतांब्याला, अण्णांच्या फोनवर जायचा.

म्हणजे दर जुलैला गुरुजी माझ्यासमोर बसणार, आणि अण्णांना फोन मी लावणार.

"अण्णा, एक नंबर आला असेल बघा."

"दिनू बसलाय का तिथं?"

"बसलेत."

"मंग स्पीकरवर टाका."

अण्णा एकेक आकडा सावकाश वाचायचे. मधेच थांबून मला सांगायचे, "ताई, औंदा डाळिंबं लई ग्वाड निघाली, म्हनावं." गुरुजी माझ्याकडे बघून म्हणायचे, "त्यांना सांगा, बीपीची गोळी चुकवू नका." मी दोघांच्या मधे पोस्टमनसारखी! एवढ्यात ओटीपीची मुदत संपायची. मग दुसरा मागवायचा. घाई फक्त मला असायची.

यंदा मी पुढच्या सगळ्या वर्षांचा प्रश्नच मिटवला. बँक खात्याला गुरुजींचा स्वतःचा मोबाईल नंबर जोडलेला होता. त्यावर कोड मागवला, टाकला, रिटर्न पक्कं झालं.

"झालं, गुरुजी."

"झालं? फोन न लावता?"

"आता लावायची गरजच नाही. कायमची कटकट गेली!"

गुरुजींनी टेबलावरच्या माझ्या फोनकडे एकदा बघितलं. मग पिशवी उचलून, "बरं केलंत," म्हणून जिना उतरले. मला वाईट वाटलं, पण बाहेर माणसं ताटकळली होती. मी पुढचा नंबर घेतला.

महिनाअखेरीस फोन वाजला. अण्णा! आजवर त्यांनी आपणहून कधी फोन केला नव्हता.

"ताई, जुलै सरत आला. औंदा नंबर आला न्हाई अजून."

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "दिनू बरा हाय ना?"

"बरे आहेत, अण्णा," मी म्हणाले. "सर्व्हर डाऊन आहे. उद्या अकरा वाजता पाठवते."

लगेच गुरुजींना फोन लावला. "तुमच्या रिटर्नमध्ये जरा अडचण आलीय. पुणतांब्याचाच ओटीपी लागणार. उद्या अकराला या."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडायला गेले, तर गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून जिन्यात बसले होते.