सुंभाचा भाव

पूर्णगडच्या खाडीत माझा मचवा जाळणारा माझाच खलाशी दोन वर्षं खटल्यावाचून राहिला, हा राग मी अजून गिळलेला नाही. कोर्टात नाव विचारलं तर तो आढ्याकडे बघत बसला. न्यायाधीशांनी खटला तहकूब करून त्याला रत्नागिरीच्या तुरुंगातून तिथल्याच वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. "सोंग आहे," मी भर कोर्टात ओरडलो. पट्टेवाल्याने मला बाहेर काढलं.

सुक्या मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहून मी तो मचवा घेतला होता. तडक इस्पितळात गेलो.

"बरा कधी करणार?"

"तुम्हाला तो बरा हवाय की तुरुंगात?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोर्टात उभा हवाय. का जाळलास, एवढं विचारायचंय."

"मग तुमचं-आमचं काम एकच. त्याला प्रश्न कळला पाहिजे, स्वतःची बाजू सांगता आली पाहिजे. तोवर धाडणार नाही."

मी पुष्कळ घासाघीस केली. हा गृहस्थ तसूभर हलला नाही.

खलाशी अंगणात मुकाट सुंभ वळायचा. डॉक्टर रोज त्याच्याशेजारी बसून काथ्या विंचरत, भरती-ओहोटीचं बोलत. उत्तराची वाट बघत नसत. असं चिकाटीचं बसणं मी कुठल्या धंद्यात पाहिलं नाही.

एकदा त्यांनी मला विचारलं, "पूर्वी तुम्ही याच्याशी काय बोलायचात?"

"बोलतोय कसला. फावल्या वेळी हा सुंभ वळून विकायचा, त्याच्या भावावरून भांडायचो."

"मग भांडा."

मी सुंभाची गुंडी उचलली. "कुजका काथ्या. फुकट दिलास तरी नेणार नाय."

त्याचे हात थांबले. "शेट, फुकट मागायची सवय जुनीच तुमची. आधी ओढून बगा."

डॉक्टर एवढंच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात परत या भांडायला."

पुढे तो कोर्टात उभा राहिला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणाला, "मचव्याच्या तळातून हाका येत व्हत्या. सगळ्यांना बुडवणार म्हणत व्हत्या. म्हणून मानसं उतरवली आनि पेटवला." त्या दिवशी माणसं आधीच किनाऱ्यावर होती, हे मला ठाऊक होतं. का, ते आता कळलं.

वेडाच्या भरात केलं म्हणून तो सुटला आणि परत इस्पितळात गेला. माझी भरपाई कोणी केली नाही. हे मी डॉक्टरांना कोर्टाच्या पायरीवरच सुनावलं.

"सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, शेट," ते हसले.

त्याच्या हातचा सुंभ मी अजून घेतो. ओढून बघतो, नावं ठेवतो. तो भाव उतरवत नाही.